शिवाच्या माश्या, कुशाबाच्या माश्या

संपात गिरणी सुटली आणि काळाचौकीचे माग चालवणारे दोन साचेवाले, शिवा आणि कुशाबा, परळच्या एका संशोधन संस्थेत माश्या पाळायच्या कामाला लागले. शिवाकडे घरमाश्या. त्यांची सोंड मऊ, सापडेल ते चाटणारी. त्यांना दूध-साखर. कुशाबाकडे तबेल्यातल्या चावऱ्या माश्या. दिसायला तशाच, पण सोंड सुईसारखी. त्यांना कत्तलखान्यातून आणलेल्या रक्तात भिजवलेला कापूस.

पाहुणे आले की गर्दी कुशाबाच्या पिंजऱ्यापाशी. डॉक्टर शैलाबाई म्हणायच्या, "कुशाबा, दाखवा बरं कशा पितात त्या." शिवाच्या माश्यांकडे कोण बघतंय? त्या तर घरोघरी. गिरणीतसुद्धा मुकादम आधी कुशाबालाच हाक मारायचा. ते जुनं जळणं शिवाच्या पोटात पुन्हा पेटलं.

शिमग्याला कुशाबा गावी निघाला. "माझ्या माश्यांकडे जरा बघ रे," एवढंच सांगून गेला. शिवानं बघितलं ते असं: रक्ताचा कापूस आपल्या माश्यांना, दूध-साखर त्याच्या माश्यांना. मरू देत मेल्या. एकदा तरी बाई त्याच्यावर खेकसू देत.

मेल्या नाहीत. साखरेवर तगल्या, पण एकीनंही अंडं घातलं नाही. शिवाच्या माश्यांनी मात्र रक्तही चाटून घेतलं आणि अंड्यांनी भांडं भरून टाकलं.

कुशाबा कामावर परतला त्याच सकाळी बाईंनी एक चावरी माशी भिंगाखाली धरली. "हिच्या पोटात रक्ताचा थेंब नाही. शिवा, काय घालत होतात यांना?"

शिवा तोंड उघडायच्या आतच कुशाबा पुढं झाला.

"मीच सांगून गेलो होतो, बाई," कुशाबा म्हणाला. "रक्त तोडलं तर काय होतं, बघावं म्हटलं."

"न विचारता केलंत, हे चुकलंच," बाई म्हणाल्या, पण चेहरा फुलला होता. "डोकं मात्र चालवलंत हो, कुशाबा!"

दुपारी टपरीवर शिवानं विचारलं, "खोटं कशाला बोललास?"

"नोकरी गेली असती ना तुझी. परत घरी बसणार होतास काय?"

शिवाला उपकार मानवेनात. केलं आपण, आणि शाबासकी पुन्हा यालाच! ती मागायला जावं, तर आपलं पाप आपल्याच तोंडानं सांगावं लागणार. अर्धा चहा तसाच टाकून तो उठला.

पुढं त्यानं उंदरांच्या खोलीत बदली मागून घेतली. तिथं कामाला तो एकटाच होता.