सेलूत, कोंबड्यांसकट

बोरी गाव सोडलं त्या सकाळी बैलगाडीत सगळ्यांत आधी चढलं ते माझं डालगं. खालून गोणपाट शिवलेलं, आत चार कोंबड्या आणि एक कोंबडा. भांडी, अंथरुणं, जातं सगळं नंतर. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो, त्या उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "कोंबड्या कशाला न्यायलीस गं? शेरातली लोकं हासतेल." मी म्हटलं, "हासू द्या की. हासण्यानं अंडी फुटत न्हाईत." कारभारी पुढं तोंड करून बसले होते. मेंढरांची भावाभावांत वाटणी झाली, आमच्या वाट्यावर दोघांचं पोट भरेना, म्हणून ते सेलूच्या कापसाच्या जिनिंगात हमालीला निघाले होते. निजामाचं राज्य नुकतंच गेलेलं. जो तो म्हणे, आता सगळं बदलणार. बदलो बापडं! माझ्या कोंबड्या मी कुणाच्या हवाली करणार नव्हते.

बोरीत राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही सुखात गेलो. पोटामागं गाव सोडलेल्यांना विचारा, भाड्याची खोली म्हणजे काय असतं.

आमची खोली व्यापाऱ्यांच्या आळीत होती, मागचं परसू सामाईक. घरमालकीण काकू मोठ्या देवभक्त. वातींसाठी निवडलेला कापूस परडीत घालून त्या ओसरीवर ठेवत. बोरीला कोंबडी कणगीमागं, कडब्यात, कुठंही अंडं घाली आणि आत्याबाई तिची चाल ओळखून बरोबर उचलून आणीत. इथं ना कणगी ना कडबा. माझ्या काबरी कोंबडीनं सगळं परसू पालथं घातलं आणि तिला पसंत पडली ती काकूंची परडी. देवाच्या वातींत अंडं! काकूंनी आळी डोक्यावर घेतली. "या कोंबड्या तरी ऱ्हातील, न्हाई तर तुमी. बाजाराच्या दिवसापर्यंत बंदोबस्त करा."

कारभारी म्हणाले, "इकून टाक. काय अडलंय त्यांच्यावाचून?"

माझं अडलं होतं. मजुरी त्यांची, खोली काकूंची, आळी व्यापाऱ्यांची. माझं म्हणावं असं सेलूत तेवढंच होतं. तेही गेलं असतं तर जन्मभर तिथं पाव्हणी होऊन राहावं लागलं असतं, आणि मला पाव्हणी व्हायचं नव्हतं.

किराणा दुकानातून मी चहाची रिकामी लाकडी खोकी मागून आणली. आडवी करून विटांवर चढवली, म्हणजे ओल लागू नये. तोंडाशी खाली आडवी फळी ठोकली, अंडं घरंगळू नये म्हणून. छप्पर इतकं उतरतं केलं की एकीलाही माथ्यावर ठाण मांडता येऊ नये. पुढं गोणपाटाचा पडदा सोडला, कारण कोंबडीलाही बाळंतिणीसारखा आडोसा लागतो. खिळा ठोकताना दगड बोटावर बसला. काकू खिडकीतून बघत होत्या, म्हणून कळ तशीच गिळली.

मेंढपाळाची लेक मी, कापसाच्या पेठेत नवी. जिनिंगामागं पडलेला खराब कापूस फुकट मिळायचा. म्हटलं, याहून मऊ काय असणार? खोकी भरभरून टाकली. कोंबड्यांनी उकरून उकरून त्याच्या दोऱ्या केल्या आणि काबरीच्या पायाला त्या अशा आवळल्या की पाय सुजला. सोडवताना तिनं मला टोचून घेतलं ते वेगळंच. सगळा कापूस चुलीत घातला, ज्वारीचा वाळला पाला कुस्करून भरला, वर पिसवा होऊ नयेत म्हणून कडुलिंबाचा पाला घातला.

तरी कोंबड्या येईनात. खोक्यांसमोर उभ्या राहायच्या आणि पुन्हा ओसरीकडं वळायच्या. बाजार उद्यावर आला तेव्हा मला आत्याबाईंची रीत आठवली. त्या कधीच सगळी अंडी उचलत नसत. म्हणायच्या, "एक ऱ्हाऊ द्यावं. रिकाम्या जागी कोंबडी बसत न्हाई." कारभाऱ्यांच्या कालवणासाठी ठेवलेलं अंडं मी खोक्यात ठेवलं. ते कोरडी भाकरी खाऊन उठले आणि मनातल्या मनात मला काय काय बोलले असतील ते त्यांनाच ठाऊक.

बाजाराच्या सकाळी काबरी पडद्याआड गेली आणि बाहेर येऊन तिनं आळीभर दवंडी पिटली. पाठोपाठ दुसरी शिरली. मला हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी आलं.

काकूंनी पडदा उचलून पाहिलं. "हिकमत लय हाय तुला," म्हणाल्या. "पन कोंबड्या नकोच आमाला."

म्हणजे बंदोबस्त केला काय न केला काय, मर्जी त्यांचीच!

"मग तुमची खोली तुमालाच ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं. कारभाऱ्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पहिलं खोकं त्यांनीच उचललं.

रुळापलीकडं पडीक जागेवर आम्ही कुडाचं घर घातलं. आधी सावलीला खोक्यांची रांग मांडली, मग चूल. पुढं कुडाच्या भिंती जाऊन विटांच्या आल्या, आमचा मुलूख मुंबई राज्याला जोडला गेला, कोंबड्यांच्या किती पिढ्या झाल्या. बोरी आठवत नाही असं नाही. पण मी हात हलवत परत येईन म्हणून कुणी वाट बघत असेल, तर खुशाल बघत बसा.

परवा आत्याबाई आल्या. आता काठीशिवाय चालवत नाही त्यांना. बसल्या, पाणी प्याल्या, म्हणाल्या, "लय केलंस बाई. आता चल घरी. तिथं जागा हाय."

मी त्यांचं गाठोडं उचलून आत नेऊन ठेवलं.

"आत्याबाई, घरीच हाव आपुन. आता तुमी ऱ्हावा हितं."

हे म्हणायला मला कुणाची परवानगी काढावी लागली नाही. माझ्या लेखी घर म्हणजे तेवढंच.