मैत्रिणीला सांगितलेली गोष्ट

मुलांनो, माझ्या निरोपसमारंभाच्या फोटोत शेजारी उभ्या असलेल्या बाई कोण, असं तुम्ही दोघांनी रविवारी फोनवर विचारलंत आणि मी विषय बदलला. ती मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका. माझी सर्वांत जवळची मैत्रीण होती.

कळंबच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे. कपाशीवर लाल्या पडून पीक गेलं, त्या हिवाळ्यात मुकुटबनकडची नववीतली एक मुलगी माझ्याकडे आली. तिच्या गावात पुढची शाळा नव्हती. वसतिगृह सुटलं की शिक्षण सुटलं. खाली खाज होती, अंगावरून पांढरं जात होतं.

"बाई, पोरी म्हणतात का हा एड्सच असते. कोनाले सांगू नोका."

मी शब्द दिला. तिच्या आईला बोलावून घेतलं आणि तिघी एसटीने यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साधा बुरशीचा संसर्ग आहे; औषध पूर्ण घे आणि पाळीची कापडं ओली वापरू नको, उन्हात वाळव. तरी मुलीची भीती जाईना, म्हणून आईच्या संमतीने एचआयव्हीचीही तपासणी केली. ती निगेटिव्ह आली. परतताना पोरीने बसमध्ये दोन पेरू खाल्ले.

पण वसतिगृहात मुली ती कापडं पलंगाखाली वाळवत. गच्चीला कुलूप असे. ते उघडावं म्हणून मी मैत्रिणीला सगळं सांगितलं, तपासणीचा कागदही दाखवला.

"बिचारी गं," असं म्हणून तिने लगेच किल्ली काढून दिली.

आठवड्याभरात मुलीचं ताट वेगळं झालं. मग तिची पेटी व्हरांड्यात आली. मी तशीच मैत्रिणीकडे धावत गेले.

"अगं, तू स्वतः कागद वाचलास ना!"

"वाचला की. पण तपासावं काहून लागलं, असं पालक विचारून राह्यले. त्यायले काय सांगू? तू शिकवून घरी जातेस, चाळीस पोरी मले सांभाळा लागते."

"पालकांना कोणी सांगितलं?"

ती मुलींच्या हजेरीत डोकं घालून बसली.

मुख्याध्यापकांनी वसतिगृह आपल्याकडे येत नाही म्हणून हात झटकले. दुसऱ्या दिवशी आई आली, पेटी डोक्यावर घेऊन स्टँडकडे निघाली. मी मुलीला थांबवलं.

"मी तिला विश्वासाने सांगितलं होतं गं."

"मी बी तुमालेच सांगतलं होतं, बाई," ती म्हणाली आणि आईच्या मागे गेली.