देवकाबाईचा अंगठा

देवकाबाईच्या रोवणीची गोष्ट आमच्या गावात अजून निघते. एकदा धानाच्या बांधीत, चिखलात वाकली की बाई वर बघायची नाही, आणि तिच्या बरोबरीनं पात धरायची म्हणजे भल्याभल्या बायांचं कंबरडं मोडायचं. तोंडही हातासारखंच चालायचं. चिचगडच्या बाजारात ती एका भाजीवाल्याशी भावावरून बोलायला लागली की शेजारचा न विचारताच भाव उतरवायचा. अशी ही बाई गेल्या हिवाळ्यात राशन दुकानासमोर मान खाली घालून उभी राहिली, तीही स्वतःच्या अंगठ्यापायी.

कार्डावरच्या प्रत्येकानं मशीनवर अंगठा लावून केवायसी करायची, नाहीतर नाव कटणार, असा निरोप गावात आला होता. तिच्या मुलाचं, सुनेचं लगेच झालं. देवकाबाईनं अंगठा ठेवला तर मशीननं लाल दिवा दाखवला. पदराला पुसून पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. दुकानदार कैलाश स्वभावानं मवाळ. तो म्हणाला, "काकू, दुसरं बोट ठेवून पाहा." एकेक करत सगळी बोटं झाली. दिवा काही लालाचा हिरवा होईना.

"काऊन वो देवका, अंगठा बांधीतच रोवून आली का?" रांगेतून सुलोचनाबाई ओरडली. ही तिच्या घरामागची, तिच्याच वयाची, तिच्यासोबत जन्मभर धानात राबलेली. सगळी रांग हसली. सुलोचनाबाई सगळ्यांत जास्त हसली, आणि स्वतःचा नंबर जवळ आला तशी चुलीवर दूध ठेवून आल्याचं आठवून घरी गेली.

देवकाबाईनं घरी येऊन हात उजेडात धरला. रोवणीचा चिखल, कापणीचा विळा, धानाची तुसं, राखेनं घासलेली भांडी, सगळ्यांनी मिळून अंगठ्यावरच्या रेषा खाऊन टाकल्या होत्या. उरलेलं कातडं पांढरं पडून उललं होतं आणि चिरांत माती बसली होती. हात असेच होते, गावातल्या निम्म्या बायांचे असेच असतात, त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. आता वाटलं. त्या दिवसापासून ती हात पदराखाली घेऊन बसायला लागली. पाहुण्यांना चहा द्यायचा तर सुनेला हाक मारायची. कार्डावरून नाव कटलं तर धान्य तेवढं कमी येईल, ते एकवेळ चालवून घेता येईल. पण आपण आपणच आहोत हे दाखवायला आपल्याजवळ साधा अंगठाही नाही, ही गोष्ट तिला कोणाजवळ बोलता येत नव्हती.

सून रीता गोंदियाची. थंडीत अंग कोरडं पडतं म्हणून तिनं बॉडी बामची एक गोल डबी आणली होती आणि ती आरशाखालच्या फळीवर असायची. डबी आली तेव्हा देवकाबाई तोंड वाकडं करून म्हणाली होती, "घरात मोहाच्या टोरीचं तेल असतानी हे कायले?" आता घरात कोणी नाही असं बघून तिनं तीच डबी उघडली. गाडीचा आस कुरकुरला की वंगण घालायचं, एवढं शास्त्र तिला ठाऊक होतं. तिनं बोटभर बाम काढला, अंगठ्यावर चांगला थापला आणि तसंच राशन दुकान गाठलं.

अंगठा काचेवर ठेवला तो सर्रकन घसरला. लाल. कैलाशनं काच शर्टानं पुसली, तर वंगण काचभर पसरलं. मागच्याचा अंगठा लागेना, त्याच्या मागच्याचाही लागेना. टोल्यावरून, पलीकडच्या वस्तीवरून पायी आलेली माणसं रिकाम्या थैल्या घेऊन परत जायला निघाली.

कैलाश काचेला नाक लावून म्हणाला, "काकू, हा कायचा वास येऊन राहिला?"

"सेंट होय सेंट," सुलोचनाबाई मागून म्हणाली. "देवका लगनाले जाऊन राहिली."

धरणीनं पोटात घेतलं असतं तर देवकाबाई हसत गेली असती. ती तशीच घरी आली, आणि जिचं तोंड कधी बंद नसायचं ती बाई त्या दिवशी जेवलीही नाही.

डबीतला खड्डा रीताला दिसायचा तो दिसलाच. "आई, ह्यातलं कोणी घेतलं?"

"उंदरानं खाल्लं असन," देवकाबाई भिंतीकडं बघत म्हणाली. सासूनं सुनेची वस्तू चोरून वापरावी आणि वर उंदरावर ढकलावं! स्वतःचे शब्द कानावर पडले तशी तिची कानशिलं तापली.

गावभर झालेली गोष्ट रीताच्या कानावर आलेली होती. ती हसली नाही. "हात दाखवा," म्हणाली.

"राहू दे."

"दाखवा ना आई. शरम कसली त्यात?" रीतानं पदराखालचा हात ओढूनच काढला आणि उजेडाकडं वळवून पाहिला. मग तिनं सासूला न्हाणीशी नेलं, कोमट पाण्यानं हात धुतले, रगडून न पुसता नुसते टिपले. "हे कोरड्यावर थापायचं नसते. आंघोळ झाली की अंग थोडं ओलसर राहते, तेव्हाच लावायचं, म्हणजे पानी आतच राहते. आणि एवढंसंच, हरभऱ्याच्या दाण्याएवढं." तिनं बाम दोन्ही तळव्यांत धरून पातळ होऊ दिला आणि सासूच्या बोटांवर, सांध्यांवर, चिरांवर हलकेच दाबत गेली. "रोज करावं लागते. एका दिवसात काही होत नाही. आणि अंगठा लावायच्या आधी हात साबणानं धुवून पार कोरडे करायचे. मशीनले बाम नाही लागत, आई."

शेवटच्या वाक्याला देवकाबाईला हसू आलं, पण ते डोळ्यांतून आलं. लग्नात हळद लावली होती, त्यानंतर तिच्या हाताला असा कोणाचा हात लागलेला तिला आठवत नव्हता.

त्यानंतर ती रोज आंघोळ करून, ओल्या हातानं, हरभऱ्याएवढा बाम घेऊन बसायची. भांडी रीता आपल्याकडं ओढून घ्यायची. चिरा हळूहळू मिटल्या, माती निघाली, आणि अंगठ्यावर पुसट रेषा दिसायला लागल्या. मग एका दुपारी ती हात धुवून, कोरडे करून दुकानात गेली. तिथं दोन-चार जणच होते, त्यांत सुलोचनाबाई पायरीवर बसलेली.

अंगठा ठेवला. हिरवा दिवा लागला.

"झालं काकू," कैलाश म्हणाला.

इतके दिवस गिळलेलं सगळं देवकाबाईच्या तोंडाशी आलं. ती वळली. "आता तू ये वो सुलोचना! पाहू दे सगळ्याइले, तुया अंगठा कोनत्या बांधीत रोवला तं!"

"मंग लावीन," म्हणत सुलोचनाबाई उठली.

"मंग काऊन? आताच लाव." देवकाबाईनं चार माणसांसमोर तिचा हात पदराखालून ओढून काढला.

तो हात तिच्या हातापेक्षा वाईट होता. अंगठ्याला मधोमध चीर पडून रक्त सुकलं होतं. सुलोचनाबाईनं हात सोडवून घ्यायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. नुसती खाली बघत उभी राहिली.

"त्यांचा तं पयल्या दिवसापासून लागत नाही," कैलाश हळूच म्हणाला. "म्हनून लावतच नाही त्या."

मागं कोणीतरी फिसकन हसलं. ते हसू आपण आणलं, हे देवकाबाईला कळलं, आणि ती अशी शरमली की मशीनसमोरचं शरमणं त्यापुढं काहीच नव्हतं. तिनं सुलोचनाबाईचा पदर ओढून तिचा हात झाकला आणि तो तसाच धरून तिला पायरीखाली उतरवलं.

"चाल, माह्या घरी. पानी तापवतो."

सुलोचनाबाई थोडी चालली आणि थांबली. "तू हासशीन."

"कोनत्या तोंडानं हासू वो?" देवकाबाई म्हणाली.