दोन्या एर्मेलिंदाने पोलिस बोलावले

शेजारची दोन्या एर्मेलिंदा आज सकाळी नाताळच्या देखाव्यातल्या मेंढ्या पुसत होती. अर्ध्या पुसून झाल्या आणि पाहते तर गव्हाण रिकामी. नवऱ्याने, लेओविहिल्दोने, देवदारात कोरलेलं येशूबाळ गायब!

आमच्या डोंगरात नाताळला निजवलेलं बाळ मेणबत्त्यांच्या सणाच्या, म्हणजे दोन फेब्रुवारीच्या, आत गाणी म्हणून उभं करतात. जो टाळतो त्याचं बाळ शेजारी चोरतात. मग साऱ्या गल्लीला केक आणि वाइन दिल्याशिवाय ते परत मिळत नाही. लेओविहिल्दो गेल्यापासून एर्मेलिंदाने बाळ उभं केलंच नव्हतं. त्याच्या व्हायोलिनवाचून घरात गाणं तिला सोसवणार नव्हतं. बाळ मात्र हवं होतं, तेही गाण्या-मेजवानीवाचून. म्हणून तिने थेट पोलिसांना फोन लावला आणि समोरच्या कासिमिराचं नाव सांगितलं.

हवालदार बाउदिलिओ आला.

"मावशी, या चोरीपायी कोणी तुरुंगात गेलंय का कधी?"

"चोरी ती चोरी. झडती घे!"

"मग आधी तक्रार करणाऱ्याच्या घराची. नियमच आहे."

नियम कसला! लेओविहिल्दोनेच त्याला वाजवायला शिकवलं होतं. कपाटावरची गुरूच्या व्हायोलिनची पेटी त्याला एकदा बघायची होती. खाली काढून उघडली, तर व्हायोलिनशेजारी रुमालात गुंडाळलेलं, पायाचा टवका उडालेलं चिनीमातीचं बाळ. कासिमिराचं!

दारात जमलेल्या आम्हा बायकांना हसू आवरेना. देवा, क्षमा कर.

"आता बेड्या कोणाला घालू, मावशी?"

कासिमिराच पुढे झाली. "तुझ्या लेओविहिल्दोने उचललं तेव्हा मी पडद्याआडून बघत होते गं. पुढच्याच आठवड्यात तो गेला. मग कुठल्या तोंडानं मागू?"

"आणि इतके दिवस गप्प बसलीस, मेले?"

"तुझं रडं थांबायची वाट बघत होते. थांबेचना, म्हणून यंदा तुझं उचललं."

एर्मेलिंदाने नवऱ्याचा तो रुमाल नाकाशी धरला. मग म्हणाली, "केक माझ्या भट्टीत भाज. तुझा दरवर्षी करपतो."

"वाजवणार कोण पण?" मी विचारलं.

बाउदिलिओने टोपी काढली. "तारा गंजल्यात. नाहीतर मी..."

शनिवारी दोन्ही बाळं एर्मेलिंदाच्याच घरी उभी राहतील. मेंढ्या तशाच टाकून, शाल पांघरून ती निघालीसुद्धा. बाजारात, व्हायोलिनच्या तारा आणायला.