पायाकडचा काठ

झुंबरबाईच्या हाताला एक कसब होतं आणि ते कुणी उघड वाखाणत नसे. गावात बाई वारली की आधी तिला बोलावणं यायचं. मयताला आंघोळ घालायची, हळद-कुंकू लावायचं, नऊवारी नेसवायची. ताठरलेल्या अंगाला नऊ वार कापड नीट बसवणं सोपं नसतं. दुसऱ्या कुणी नेसवलं तर बाई गाठोड्यासारखी दिसे. झुंबरबाईनं नेसवली की वाटे, आत्ता उठून लग्नाला निघेल.

"मले जरा आवळून नेसवजो झुंबरे," म्हाताऱ्या तिची थट्टा करायच्या. "वरतं लय चालावं लागते म्हणते."

"तू मर तर आधी," ती म्हणे. "नुसतीच सांगून राह्यली धा सालापासून."

या कामाचं ती काही घेत नसे. घरी येऊन दारातच आंघोळ करी आणि कपाशी निंदायला निघून जाई. नवरा कडूबा दम्याचा, चार एकर रान आणि एकुलती मुलगी मंजुळा. मंजुळा धाड या बाजारगावाजवळच्या एका खेड्यात दिलेली होती. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली, तेव्हा लढाईचं तिसरं साल सरत होतं.

लढाई कुठं होती, ते गावात कुणाला नीट सांगता येत नव्हतं. पण ती प्रत्येकाच्या घरात पोचली होती. आधी घासलेट गेलं. मग हिवतापाचं कोयनेल गेलं. ते जपान्यानं घेतलेल्या मुलखातून येत होतं म्हणे. आणि मग कापड गेलं. खामगावच्या जिनात गाड्यांवर गाड्या कापूस जात होता, गिरण्या अष्टौप्रहर चालत होत्या, आणि विणलेलं सगळं पलटणीला जात होतं. घराच्या कोपऱ्यात छतापर्यंत कापूस रचलेला, आणि त्याच्यासमोर बसून बाया लुगड्याला ठिगळ लावत होत्या. कोष्ट्याकडे जावं तर त्याच्याकडे सूत नव्हतं. चोरून निजामाच्या मोगलाईतून आणावं तर नाक्यावर पकडत.

बुलढाण्याच्या कंट्रोलच्या दुकानात झुंबरबाई कार्ड घेऊन तीनदा गेली. पहिल्या दोन खेपांना तिचा नंबर येण्याआधी माल संपला. तिसऱ्या खेपेला दोन वार मिळालं, तेही गादीच्या खोळीचं, पट्ट्यापट्ट्यांचं.

"लुगडं नाही का हो?" तिनं विचारलं.

"गादी शिवा बाई," दुकानदार म्हणाला. "झोपा सुखानं."

मंजुळाची मुलगी पाच महिन्यांची झाली. बाळंतीण तिसऱ्या महिन्यात सासरी जायची, तीही माहेरचं नवं लुगडं नेसून. तसा रिवाजच होता. सासरहून निरोप आला होता, "लुगडं नेसवून आणून घाला. फाटक्यात आणाल तर दारातून परत जाईल." पुढचा निरोप त्या बाजूच्या एका बांगडीवाल्यानं आणला. इंद्रभानला, म्हणजे जावयाला, दुसरी पाहताहेत. त्या पोरीच्या बापाकडे मुंबईच्या गिरणीतला माणूस आहे, कापड देणार आहेत.

 मंजुळाचं एकच लुगडं होतं, तेही विरलेलं. ते धुतलं की वाळेपर्यंत ती गोधडी गुंडाळून आतल्या खोलीत बसे. बाहेर पडण्याजोगं लुगडं घरात एकच, झुंबरबाईचं. दोघी एकाच वेळी घराबाहेर पडल्या, असं तोवर झालंच नव्हतं.

भादव्यात शेषराव पाटलांची बायको सरस्वतीबाई हिवतापानं गेली. झुंबरबाईला बोलावणं आलं. सवाष्ण म्हणून माहेरचं लुगडं नेसवायचं होतं, म्हणून मयत भावासाठी थांबवलं होतं. भाऊ दुपारी आला. त्याच्या पिशवीतून हिरवं, रुईफुली काठाचं, पूर्ण नऊ वार लुगडं निघालं. बायका रडता रडता क्षणभर गप्प झाल्या. सगळ्यांनी ते पाहून घेतलं आणि मग पुन्हा रडू लागल्या.

झुंबरबाईनं आंघोळ घातली. नेसवताना नेहमी ती एकटीच आत राही. तिनं दार लोटलं, लुगडं उलगडलं आणि हातात धरून उभी राहिली. जाड, कोरं, लढाईच्या आधीचं सूत. तासाभरात ते जळणार होतं.

बाहेर जानेफळचे पाहुणे आले आणि रडण्याचा एकच कल्लोळ उठला. झुंबरबाईनं कडेला दात लावला आणि लुगडं मधोमध फाडलं. पदराकडचं अर्धं तिनं सरस्वतीबाईला असं नेसवलं की समोरून काही कळू नये. पाठ तशीच राहिली. पाठीखाली तिरडीचं गवत येणार होतं. उरलेलं अर्धं तिनं स्वतःच्या पोटाला गुंडाळलं आणि वरून आपलं लुगडं घट्ट केलं.

"कशी शांत दिसते," बाहेर आणल्यावर बायका म्हणाल्या.

घरी आल्यावर तिनं ते कापड नदीवर तीनदा धुतलं. स्वतःच्या लुगड्याचा धड राहिलेला पदर त्याला जोडला. जोडलेल्या लुगड्यात कमीपणा नव्हता, सगळ्याच बाया दांड घालून नेसत होत्या. पण काठ कुणी ओळखू नये म्हणून तिनं पदर आपला वर ठेवला आणि सरस्वतीबाईचं अर्धं खाली, निऱ्यांत जाईल असं घेतलं. पायाकडं कोण पाहतं?

"कुठून आणलं बाई?" मंजुळानं विचारलं.

"तुले नेसायचं हाय का इचारायचं हाय?"

मंजुळानं काठ बोटांत धरून पाहिला. दुसऱ्या दिवशी आईचं लुगडं नेसून तीही सरस्वतीबाईच्या दारात रडायला गेली होती; तिथं बाया त्या रुईफुली काठाचंच बोलत होत्या. 

चौथ्या दिवशी झुंबरबाई तिला घेऊन निघाली. तिच्या स्वतःच्या अंगावर आता उरलेलं फाटकं आणि खांद्यावरून गादीच्या खोळीचा तुकडा होता. सासरच्या दारात विहीण रुखमाबाई उभी होती. तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कपाळावरची आठी सोडली.

"आणलं म्हणायचं. सोजराबाई, भाकरतुकडा आणा हो!"

सोजराबाई म्हणजे रुखमाबाईची थोरली जाऊ. तिनं पोरीवरून आणि मंजुळावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तांब्या घेतला आणि लेकुरवाळीच्या पायांवर पाणी घालायला खाली बसली. निऱ्या भिजू नयेत म्हणून तिनं एका हातानं काठ जरा उचलला आणि तसाच धरून राहिली. तांब्यातलं पाणी तिच्याच मांडीवर सांडत होतं.

"हे उंदरानं कुरतडलेलं," ती म्हणाली. "मी लाल दोऱ्यानं भरलेलं. माह्या पेटीतलं हाय हे."

"अशी रुईफुलं लय असतात, बाई," झुंबरबाई म्हणाली.

"दोरा माहा हाय. पाटलाच्या सरस्वतीसाठी भाऊ मागाले आला व्हता. मावसबहीण मही ती. बजारात लुगडं नव्हतं, म्हून मी पेटीतलं काढून देल्लं." ती उठून उभी राहिली. "अर्धं नेसवलं व्हय तिले?"

झुंबरबाईच्या तोंडातून निघून गेलं, "समोरून पुरं दिसत व्हतं."

सोजराबाईनं तांब्या भिंतीवर मारला. "मयताचं नेसून लेकरू घेऊन दारात आली! काढा ते. जाळा."

"जाळून काय नेसवू तिले? पळसाची पानं?" रुखमाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तिनं वाकून तोच काठ हातात घेतला आणि सूत चोळून पाहिलं. मग मंजुळाच्या हातातली नात घेतली. "मंजुळे, आत हो. खुंटीवर माहं जुनं हाय, ते नेस. हे काढून ठेव." आणि झुंबरबाईकडे न पाहता म्हणाली, "तुम्ही मात्र पुन्हा या दारात यायचं नाही. मयतालाबी नाही."

पाणी कुणी विचारलं नाही. मंजुळा उंबऱ्यातून आत गेली ती मागं न पाहता. झुंबरबाई तशीच मागं फिरली.

तिच्या आधी गोष्ट गावात पोचली. शेषराव पाटलांनी तिला काही केलं नाही. नुसतं त्यांच्या रानातून जायची वाट बंद झाली. दिवाळीच्या आधी दोन बाया वारल्या. तिला बोलावणं आलं नाही. आता मयताला नेसवताना आत तिघी राहत. एक नेसवी आणि दोघी एकमेकींच्या हातांकडे पाहत.

मंजुळाची खबर मात्र काही कळेना. बांगडीवाला त्या वाटेनं यायचा थांबला होता. तिला ठेवली की हाकलली, की इंद्रभाननं दुसरी आणली, याचा विचार करत झुंबरबाई कापूस वेचत होती. कडूबा म्हणे, "जाऊन पाह्य." ती म्हणे, "कोणत्या तोंडानं?"

पौषात ती धाडच्या बाजाराला मिरच्या घेऊन गेली. रुखमाबाईच्या घरचं कुणी दिसेल, म्हणून ती वाटेच्या कडेला बसली. दुपार कलताना समोरून सोजराबाई आली. डोक्यावर टोपली, अंगावर तेच लुगडं. वर झुंबरबाईचा पदर, खाली रुईफुली काठ. बैलांच्या हौदापाशी चिखल होता, तिथं तिनं निऱ्या दोन बोटं वर उचलल्या आणि जपून पाय टाकला.

दोघींची नजरानजर झाली. सोजराबाई थांबली नाही.

झुंबरबाई हातात मिरच्यांचं माप धरून बसून राहिली. लुगडं त्या घरातच होतं. थोरली ते नेसून बाजाराला आली होती, म्हणजे बाकीच्या बाया ती परत येईपर्यंत घरात बसून असतील. त्यात मंजुळा असेल. असायलाच हवी.

"काय भाव, बाई?" समोरच्या गिऱ्हाइकानं दुसऱ्यांदा विचारलं.