विहिरीवरचा बिबट्या

मी चौथीपर्यंत शिकलो. तरी रोज लिहितो. म्हणजे मोबाईलला तोंडानं सांगतो आणि तो लिहून काढतो. हे यंत्र मला पसंत आहे, कारण ते मधे बोलत नाही. आमची कारभारीण मधे बोलायची. बातम्या लागल्या की मी पुढाऱ्यांना शिव्या घालायचो. परदेशात कुणी कुत्र्याच्या नावावर बंगला केला असलं काही ऐकलं की हसून लोळायचो. ती चुलीपुढून म्हणायची, "मला काय सांगताय? जगाला सांगा की." म्हणून नातीनं ब्लॉग काढून दिला. वाचणारे थोडे. गावातले तिघं-चौघं, पुण्यातला मुलगा, आणि परदेशातला कुणीतरी एक, जो रोज नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवतो.

कारभारीण माघात गेली. बातम्या अजून बघतो, पण शिवी मोठ्यानं निघत नाही. ऐकायला कोण आहे?

जामखेडहून खर्ड्याकडं जाताना आमचं गाव लागतं. गावापासून अर्ध्या तासाच्या चालीवर आमची वस्ती, म्हणजे शेतातलं घर. एक घर, एक विहीर, मी. दिवाळी झाली, निम्मं गाव ऊसतोडीला गेलं आणि एका सकाळी गावाच्या ग्रुपवर फोटो आला. माझ्या विहिरीच्या कठड्यावर बिबट्या बसलेला. जबडा उघडा, मिशीचा केस न् केस स्पष्ट. पाठवणारा आमच्या भावकीतला, नात्यानं पुतण्या. त्याला यंदा निवडणुकीला उभं राहायचंय. फोटोखाली लिहिलेलं, 'वस्तीवरच्या लोकांनी सावध राहावे. पिंजऱ्यासाठी मी स्वतः पाठपुरावा करत आहे.' शेजारी त्याचा हात जोडलेला फोटो, बिबट्यापेक्षा मोठा.

दुपारपर्यंत बाया ज्वारी खुरपायच्या बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी मुलगा गाडी घेऊन दारात.

"आबा, कपडे भरा."

"कशाला?"

"बिबट्या विहिरीवर बसतोय आणि कशाला म्हणून विचारता?"

"पाणी प्यायला आला असंल. तुझ्यासारखा न सांगता."

"चेष्टा नको. आई होती तोवर मी गप्प बसलो. आता वस्तीला कुलूप."

त्यानं खरंच माझी पिशवी भरून गाडीत टाकली. पोरगा वाईट नाही. पण पुण्याला नवव्या मजल्यावर गेलो असतो तर मी माघारी आलो नसतो, हे त्यालाही माहीत होतं. कुलूप लागलेली घरं मी लई बघितलीत. पहिल्या वर्षी दिवाळीला उघडतात, दुसऱ्या वर्षी पत्रे उडतात. चाळीस वर्षं कारभारणीनं ज्या घराच्या भिंती सारवल्या, ते घर मी एका फोटोपायी सोडायचं?

म्हटलं, तो फोटो तरी दाखव नीट. त्याचा मोबाईल मोठा. आधी बिबट्याच दिसला. मग त्याच्यामागं बाभळ दिसली. विहिरीवर झुकलेली, सुगरणीचे खोपे लटकलेली. मी मोबाईल खाली ठेवला.

आमच्या गावात माणूस गेलं की घरच्यांनी लाकडाला हात लावायचा नसतो. घराघरातनं एकेक गडी कुऱ्हाड घेऊन येतो, वस्तीवरचं झाड पाडतो आणि ओंडके खांद्यावर घेऊन सरणापर्यंत नेतो. माघात ती बाभळ बुंध्यापासून गेली, कारभारणीच्या सरणाला. मुलगा तेव्हा केस उतरवून मडकं धरून बसला होता, त्याला कशाचीच शुद्ध नव्हती.

त्याला सांगितलं तर म्हणाला, "असेल जुना फोटो."

"मग जुन्या फोटोतल्या बिबट्यासाठी मी आज घर सोडू व्हय?"

"लोक बोलतायत आबा, ते काय उगीच?"

"चल मग लोकांकडंच."

पुतण्याची देवळापुढं सभाच चालली होती. पन्नासेक माणसं, चहा, आणि पिंजऱ्याची बोलणी. मी सरळ आत घुसलो.

"ह्यो फोटो कवाचा रे?"

"परवाचा आबा. तुमच्या जिवाच्या काळजीनं झोप न्हाई मला."

"त्यात बाभळ दिसती का?"

"दिसती की."

"कुठाय ती बाभळ?"

"तुमच्या विहिरीवर. आन् कुठं?"

मग मागनं एक म्हातारा उठला, "आरं, ती तर मी पाडली! पहिली कुऱ्हाड माझी."

"बुंध्याला आमी चौघं लागलो हुतो," दुसरा म्हणाला.

"माझा खांदा सोलून निघाल्ता."

बसलेल्यांत निम्म्यांनी ते लाकूड वाहिलं होतं. पुतण्या मोबाईलकडं बघायला लागला. मला माघापासून कोंडलेला आवाज सापडला.

"तुला कसं ठावं असंल रे भाड्या? तू त्या दिवशी नगरला, साहेबाच्या गाडीमागं. चुलती गेली तर माणूस न्हाई आला, मोबाईलवर हार घातलेला फोटो आला. एक ओंडका खांद्यावर घेतला असतास तर आज असा उघडा पडला नसतास!"

हसू असं उसळलं की चहावाल्याच्या हातातली किटली हिंदकळली. कुणी म्हणालं, "पुढारी, पिंजरा आता तुमच्यासाठीच मागवा." शेवटी त्यानं कबूल केलं. वर्षापूर्वी माझ्या विहिरीवर काढलेला फोटो, त्यात त्याच्या मागं फिरणाऱ्या पोरांनी मोबाईलमधल्या यंत्राकडून बिबट्या बसवून घेतला. "लोकांच्या भल्यासाठीच केलं आबा." म्हटलं, भलं राहू दे, आत्ता ग्रुपवर खरं काय ते लिही. त्यानं सगळ्यांपुढं लिहिलं. हात जोडलेला फोटो मात्र या वेळी नव्हता.

आमच्या भागात बिबट्या नाहीच, असं मी म्हणत नाही. आला तर वनखात्याला कळवीन. पण यंत्रानं काढलेल्या जनावराला भिऊन मी घर सोडायचा नाही. यंत्रावर माझा राग नाही. मी सांगतो ते ते लिहितं, पुतण्यानं सांगितलं तो बिबट्या काढला. सांगणारा कोण आहे ते बघावं.

दुसऱ्या दिवशी बाया ज्वारीत उतरल्या. जाताना ओरडून गेल्या, "आबा, बिबट्याला च्या पाजला का?"

मुलगा गाडीपाशी गेला. मग माझी पिशवी काढून त्यानंच घरात नेऊन ठेवली.

"एक अट आहे. रोज संध्याकाळी फोन करणार, तो उचलायचा."

"उचलीन. पर बातम्या चालू असताना करू नको," मी म्हणालो. "तवा मी शिव्या देत असतो."