राहिलेलं बारसं

आमच्या घरात कुणालाही जन्मसाल विचारा, तो आभाळाकडं बघतो. त्या साली गाडीला कोणते बैल होते ते विचारा, लगेच सांगतो. ही युक्ती माझ्या थोरल्या चुलतीची, बनुबाईची. मी तिला मोठी आई म्हणते.

पंचवीस हंगाम ऊस तोडून तिचे गुडघे गेले. मग पाथर्डीकडच्या आमच्या गावात बसल्या बसल्या तिनं नाद लावून घेतला, घराण्यातलं एकूण एक माणूस लिहून काढायचं. अक्षरं प्रौढांच्या वर्गात शिकलेली, हातात जाड मार्कर, आणि कागद म्हणजे कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सची पांढरी मागची बाजू. फोन लावायची अन् विचारायची, "अंगद झाला तवा गाडीला कंचं बैल हुतं?"

पलीकडून नात्यातल्या एखाद्या म्हातारीचा गंजक्या बिजागरीसारखा आवाज. तो मी हुबेहूब काढते. "हरण्या अन् सर्जा गंऽऽ! हरण्यानं मुकादमाला उडविलं, त्याच हंगामात अंगद!"

मग हरण्या कुठल्या बाजारात घेतला, किती हंगाम चालला, यावरून साल निघायचं. दोन वर्षांत एकशे त्रेसष्ट माणसं झाली, प्रत्येकाचा एकेक गोल.

यंदा मे महिन्यात भावकीचा जागरण-गोंधळ ठरला. माझे वडील बिभीषण, म्हणजे तिचे धाकटे दीर, ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम. त्यांनी जाहीर केलं की वंशावळ नव्या फ्लेक्सवर छापून मांडवात लावायची. ते घरात बोलतात तेही माईक तपासल्यासारखं.

"वैनी! तुमच्या अन् भागवतदादाच्या खाली पयला गोल मोकळाच हाय!"

"मोकळा न्हाई. माझी पयली पोर हाय ती. कोपरगावाकडं उसाच्या थळावर, तोडीच्या मुक्कामी झाल्ती. नवव्या दिशी गेली."

"आवो, पर बारसंच न्हाई झालं तिचं. जिला नाव न्हाई ती वंशावळीत कशी? लोकं हसतील. पुसा तेवढं."

"पुसत न्हाई."

"एका गोलानं काय बिघडतंय?"

"मी बी तेच इचारते भावजी. एका गोलानं तुमचं काय बिघडतंय?"

वडिलांचा माईक खरखरला. "नाव न्हाई तर छापनार न्हाई!"

मोठ्या आईनं फ्लेक्स गुंडाळला आणि सरळ त्यावर बसली. "मग वंशावळ बी न्हाई. बाकीची एकशे बासष्ट तोंडपाठ असतील तर घाला छापायला."

वडिलांनी बोटांवर मोजायला घेतलं. अकराव्या माणसावर, स्वतःच्याच चुलत्याच्या नावाला, अडकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील चहाला बसले होते. मोठ्या आईनं शेजारच्या चार बायका बोलावल्या आणि श्रीरामपूरला सविताआत्याला फोन लावला. आवाज मोठा करून फोन वडिलांच्या बशीशेजारीच ठेवला.

"वन्सं, तुमचं एक काम राह्यलंय."

"कंचं गं?"

"माझ्या पयल्या पोरीचं नाव. बाराव्या दिशी यायच्या हुत्या ना तुमी? आत्यानंच ठिवायचं असतं. आज ठिवा."

पलीकडं पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"झबलं शिवलं हुतं मी," आत्या म्हणाली. "पिवळं. नाव बी ठरवलं हुतं, जया. कुनी इचारलंच न्हाई मला." मग घसा साफ करून तिनं त्या फोनमध्येच म्हटलं, "कुर्रर्रऽऽ, जया!"

आता आत्याच्या पाठीत बुक्के घालायची रीत आहे. आत्या श्रीरामपुरात. मग तिची भाची म्हणून चारही बायकांनी ते माझ्या पाठीत घातले, अन् हात काही आखडला नाही.

वडिलांनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज माईक बंद पडल्यासारखा निघाला.

"बरं. पर आक्षर तरी बारीक काढा."

मोठ्या आईनं मार्करचं टोपण दातानं काढलं.

"तुमच्या नावाएवढंच काढनार हाय," ती म्हणाली. आणि गोलात लिहायला लागली.